इम्युनोथेरपी नेमके काय करते, आणि ती सर्वांना का लागू पडत नाही?

रानजाई (धागाकर्ती)

२०२२ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधील डॉक्टरांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गुदाशयाचा कॅन्सर असलेल्या १२ रुग्णांना सहा महिने, दर तीन आठवड्यांनी, डोस्टार्लिमॅब नावाचे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढू देणारे, औषध शिरेतून देण्यात आले आणि बाराच्या बारा जणांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. त्यांच्यापैकी कोणालाही शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा केमोथेरपी द्यावी लागली नाही. आपल्याकडे ही बातमी 'कॅन्सरवर औषध सापडले' अशा मथळ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि अजूनही अधूनमधून फिरते. बातमी खरीच होती, पण फिरता फिरता तिच्यातले एक वाक्य गळून पडले. त्या बाराही जणांच्या गाठींत एक विशिष्ट जनुकीय दोष होता आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच तो आढळतो. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे नातेवाईक आणि माजी विद्यार्थी 'आमच्या रुग्णाला हे का देत नाहीत?' असे मला विचारतात. त्याचे उत्तर औषधाच्या नावात सापडत नाही, ते औषध शरीरात काय करते यात सापडते, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी तिच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर सतत मांडत असते आणि टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरताना ते तुकडे तपासत असतात. तुकडा ओळखीचा असेल तर टी पेशी पुढे जाते. तो विषाणूचा असेल, किंवा जनुकातील बदलामुळे प्रथिनाची घडण बिघडलेली असेल, तर ती त्या पेशीला मारू शकते. कॅन्सरची पेशी आपल्याच पेशीपासून झालेली असली तरी तिच्या जनुकांत असे बदल साचलेले असतात, त्यामुळे टी पेशींना ती ओळखता येऊ शकते. बायॉप्सीत कित्येकदा गाठीच्या आत शिरलेल्या टी पेशी दिसतातही, पण त्या तिथे थंड पडलेल्या असतात.

त्या थंड का पडतात, याचे उत्तर मिळाले तेव्हा उपचारांची एक नवी दिशा खुली झाली. टी पेशींवर काही रेणू ब्रेकसारखे असतात. सीटीएलए-४ हा त्यांपैकी एक. तो टी पेशीला आवरतो की चेतवतो याबद्दलच सुरुवातीला मतभेद होते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९४ च्या अखेरीस गाठी असलेल्या उंदरांना सीटीएलए-४ अडवणारी अँटिबॉडी (ठरावीक रेणूला नेमके चिकटणारे प्रथिन) टोचली आणि गाठी विरघळल्या. निकाल इतका अनपेक्षित होता की नाताळच्या सुट्टीतच तो प्रयोग पुन्हा करण्यात आला. दुसरा ब्रेक पीडी-१ हा. क्योटो विद्यापीठातील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. गाठीच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हा रेणू आणतात, तो टी पेशीवरील पीडी-१ ला जाऊन भिडतो आणि टी पेशी थांबते. या भेटीच्या आड येणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, डोस्टार्लिमॅब ही औषधे. सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, पीडी-१ वरील पहिली औषधे २०१४ मध्ये आली, आणि २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अ‍ॅलिसन व होंजो यांना विभागून देण्यात आले.

हे ब्रेक निसर्गाने ठेवले कशासाठी, हे दाखवणारे दोन प्रयोग मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ज्या उंदरांत सीटीएलए-४ चे जनुकच काढून टाकले होते ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरण पावले, कारण त्यांच्याच टी पेशी बेसुमार वाढून त्यांच्या अवयवांत शिरल्या. पीडी-१ नसलेले उंदीर अधिक काळ जगले, पण पुढे त्यांच्यात ल्युपससारखा स्वप्रतिरोधक, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार दिसू लागला. या उपचाराचा फायदा आणि त्याचा धोका एकाच जागेतून येतात, ही गोष्ट त्या उंदरांनी औषध बाजारात येण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवली होती.

आता त्या १२ रुग्णांकडे परत येते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका होतात आणि काही प्रथिने त्या दुरुस्त करतात. ही दुरुस्तीची व्यवस्थाच बिघडलेली असेल तर गाठीत असंख्य बदल साचतात, पृष्ठभागावर परक्या तुकड्यांची रेलचेल होते आणि टी पेशी मोठ्या संख्येने तिथे जमतात. अशा ठिकाणी ब्रेक सोडला की परिणाम होतो. म्हणूनच २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा दोष असलेल्या प्रगत कॅन्सरसाठी, गाठ कोणत्याही अवयवातील असली तरी, पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. अवयवाऐवजी जनुकीय खुणेवर बेतलेली ती पहिलीच मान्यता होती. ज्या गाठीत टी पेशी शिरलेल्याच नाहीत, किंवा जिच्यात त्यांना ओळखता येईल असे फारसे काही नाही, तिथे ब्रेक सोडून काहीही घडत नाही.

सागरतीर

रानजाईताई, विषय पहिल्यांदाच इतका नीट समजला. आमच्या घरातला एक प्रश्न विचारतो. माझ्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. आम्ही स्वतःहून इम्युनोथेरपीची चौकशी केली, खर्चाची जुळवाजुळवही सुरू केली, परंतु डॉक्टरांनी जनुकीय तपासणीचा अहवाल पाहून 'हिला गोळी पुरेल, इम्युनोथेरपी सध्या नको' असे सांगितले. नातेवाइकांचा समज असा झाला आहे की आम्हाला परवडणार नाही असे धरून डॉक्टरांनी स्वस्तातला उपचार सुचवला. यात तथ्य असू शकते का?

डॉ_पिंपळपान

मी नागपुरात कॅन्सररुग्णांवर औषधोपचार करतो. सागरतीर, अहवाल न पाहता निश्चित विधान करणे योग्य नाही, तरी तुमच्या वर्णनावरून आत्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातील बदल सापडला असावा असे वाटते. धूम्रपान न केलेल्या रुग्णांत, विशेषतः आशियाई स्त्रियांत, हा बदल बऱ्याच प्रमाणात आढळतो. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसाच्या पेशींत हजारो बदल साचतात, उन्हामुळे मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात साचतात. म्हणून या दोन कॅन्सरांत इम्युनोथेरपीला चांगले यश आले. ईजीएफआरच्या गाठी बहुधा त्या एका बदलाच्या जोरावर वाढतात, एकूण बदल थोडे असतात, त्यामुळे धागाकर्तीने सांगितल्याप्रमाणे टी पेशींना ओळखण्यासारखे तिथे कमी असते. उलट त्या एकाच बदलावर नेम धरणाऱ्या ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्यांचा परिणाम फार चांगला होतो.

आणखी एक कारण आहे. आधी पीडी-१ रोखणारे औषध देऊन त्यापाठोपाठ ऑसिमर्टिनिब सुरू केले तर फुप्फुसांना तीव्र सूज येण्याचा धोका वाढतो, असे निरीक्षण आहे. म्हणजे 'आधी इम्युनोथेरपी घेऊन बघू, नाही जमले तर गोळी' हा क्रमच अशा रुग्णांसाठी अहिताचा ठरू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी अहवाल येईपर्यंत थांबून निर्णय घेतला, ही काळजीपूर्वक वागण्याची खूण आहे. नातेवाइकांना हे अवश्य सांगा.

सागरतीर

डॉक्टर, मनावरचे ओझे उतरले. अहवालात ईजीएफआर हेच अक्षर आहे आणि गोळीचे नावही तुम्ही सांगितले तेच आहे. आज रात्रीच आत्याच्या मुलांना हा धागा वाचायला देतो.

माळावरची_वाट

उपचाराचा धोका कसा दिसतो, हे आमच्या अनुभवावरून लिहिते, कारण ते आधी कोणी सांगितले असते तर आईचे हाल टळले असते. आईला मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन्ही औषधे सुरू होती. केस गळत नव्हते, उलट्या नव्हत्या, त्यामुळे हा उपचार सौम्य आहे असा आमचा ग्रह झाला. पुढे तिला जुलाब सुरू झाले. आम्ही राहतो तिथल्या दवाखान्यात अन्नातून झालेला संसर्ग समजून प्रतिजैविके आणि सलाईन देण्यात आले, आणि कॅन्सरचे औषध चालू असल्याचे आम्ही सांगूनही त्याचा याच्याशी संबंध असेल असे कोणाच्या लक्षात आले नाही. ती फार खंगल्यावर शहरात नेले, तेव्हा आतड्याच्या तपासणीत कळले की तिच्याच पांढऱ्या पेशी मोठ्या आतड्याच्या अस्तरावर हल्ला करत होत्या. स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू केल्यावर ती सावरली. ज्यांच्या घरी हा उपचार चालू आहे त्यांनी जुलाब, सततचा कोरडा खोकला किंवा दम, डोळे पिवळे होणे, विलक्षण थकवा यांपैकी काहीही दिसले की कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॉ_पिंपळपान

ताई, तुम्ही लिहिले ते प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाने वाचावे असे आहे. ब्रेक सुटलेली टी पेशी कोणत्याही अवयवाकडे वळू शकते: त्वचा, आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड, मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी, क्वचित हृदयाचे स्नायू. दोन्ही ब्रेक एकाच वेळी सोडले की हा धोका अधिक असतो, आणि आईंना दोन्ही औषधे चालू होती. हृदयाच्या स्नायूंना येणारी सूज विरळा असली तरी सर्वांत घातक असते. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या तर काही आठवड्यांत साखर अतोनात वाढते आणि तो मधुमेह पुढे कायम राहतो. थायरॉइडचे काम मंदावणे त्या मानाने पुष्कळ रुग्णांत दिसते. ते रक्ततपासणीत कळते, रोजची गोळी सुरू करता येते आणि उपचार थांबवावा लागत नाही.

यांतील बहुतेक त्रास वेळेवर स्टिरॉइड दिल्याने आटोक्यात येतात, मात्र हे स्टिरॉइड घरच्या घरी सुरू किंवा बंद करू नये. शेवटचा डोस होऊन काही महिने लोटल्यावरही असा त्रास उद्भवू शकतो, ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून मी माझ्या रुग्णांना औषधाचे नाव आणि माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड कायम खिशात ठेवायला सांगतो आणि कोणत्याही कारणासाठी कोणत्याही दवाखान्यात गेले तरी ते आधी दाखवायला सांगतो.

कुंद_तुळस

माझे आजेसासरे वैद्य होते, त्यामुळे घरात गुळवेलीचा काढा पूर्वीपासून आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारी वनस्पती आणि प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध यांची दिशा एकच आहे असे मानून आम्ही काकांना इम्युनोथेरपीसोबत काढाही देत आहोत. यात काही आक्षेपार्ह आहे का? प्रश्न मनापासून विचारत आहे, कृपया परंपरेवर टीका करू नये.

रानजाई

कुंदताई, परंपरेवर टीका करण्याचा माझा अजिबात हेतू नाही, पण काकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यामुळे स्पष्ट लिहिते. चेकपॉइंट, म्हणजे वर सांगितलेले ब्रेक, रोखणारी औषधे प्रतिकारशक्ती सरसकट वाढवत नाहीत. ती एका ठरावीक रेणूला अडवतात. त्यांच्या जोडीला दुसरे काही दिल्याने त्यांचा जोर वाढेल असा आधार नाही. दुसरीकडे, करोनाच्या साथीत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला तीव्र इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात केली होती, आणि ती इजा प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही नमूद करते. वाद कसाही सुटो, काकांच्या बाबतीत अडचण अशी की उद्या त्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर ते औषधामुळे झाले की काढ्यामुळे, हे डॉक्टरांना ठरवता येणार नाही आणि कदाचित लागू पडत असलेला उपचार थांबवावा लागेल. काढा सध्या बंद ठेवावा आणि आजवर दिला होता हे डॉक्टरांना सांगावे, असे मी सुचवते.

कुंद_तुळस

पटले. उद्याच डॉक्टरांच्या कानावर घालते. आभार.

मोहोर

खर्चाबद्दल अजून कोणी लिहिले नाही, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत निर्णय तिथेच अडतो. पूर्ण मात्रेतील एकेक डोस लाखांच्या हिशोबात जातो आणि उपचार महिनोन्महिने चालतो. औषधकंपन्यांच्या सवलत योजना असतात, २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात ड्युरव्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावरील सीमाशुल्क माफ झाले, तरीही सामान्य कुटुंबाला हा भार पेलत नाही. या पार्श्वभूमीवर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या एका चाचणीची माहिती येथे द्यावीशी वाटते. मी औषधनिर्माण शास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे हा शोधनिबंध आम्ही वर्गात बारकाईने वाचला.

केमोथेरपीत सर्वसाधारणपणे मात्रा वाढवली की अधिक पेशी मरतात, म्हणून रुग्णाला सोसेल तितकी मोठी मात्रा देण्याची पद्धत पडली. पीडी-१ रोखणाऱ्या अँटिबॉडीचे काम निराळे आहे. टी पेशींवरील पीडी-१ चे रेणू एकदा व्यापले गेले की उरलेल्या औषधाला करण्यासारखे काही राहत नाही, आणि सुरुवातीच्या चाचण्यांत असे दिसले होते की बरीच कमी मात्रा दिली तरी ते पुरेसे व्यापले जातात. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागातील कॅन्सर बरा होण्याच्या टप्प्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. तंबाखूमुळे हा कॅन्सर आपल्याकडे किती आहे हे सांगण्याची गरज नाही. निम्म्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही तुलनेने स्वस्त तोंडी औषधे दिली, आणि उरलेल्यांना त्याच औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के होते, तर निव्होलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. तीव्र दुष्परिणाम वाढल्याचे दिसले नाही. ज्या रुग्णाला अन्यथा हे औषध कधीच मिळाले नसते त्याला ते मिळावे, या एकाच ध्यासातून हा अभ्यास झाला याचा मला मनस्वी अभिमान वाटतो.

टेकडीवरून

मोहोर, आकडे प्रभावी आहेत, परंतु एक मुद्दा नोंदवतो. या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही. तुलना झाली ती निव्होलुमॅब मुळीच न मिळालेल्या रुग्णांशी. त्यामुळे 'काहीच न देण्यापेक्षा थोडे देणे पुष्कळ चांगले' एवढे तिच्यातून सिद्ध होते, 'थोडे दिले काय आणि पूर्ण दिले काय, सारखेच' हे होत नाही. शिवाय मध्यम जीवनकाल, म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ पार करतात तो, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. ही वाढ मोलाची आहे, तरी तिला बरे होणे म्हणता येत नाही. कमी मात्रेच्या बातम्या वाचून कोणी इतर कॅन्सरांतही आपल्या मनाने मात्रा कमी करून मागू नये.

डॉ_पिंपळपान

टेकडीवरून यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे, आणि निबंधाच्या लेखकांनीही याहून मोठा दावा केलेला नाही. तरीही माझ्या बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या माणसापुढे पूर्ण मात्रा की कमी मात्रा असा पर्याय क्वचितच असतो. त्याच्यापुढे कमी मात्रा की काहीच नाही असा पर्याय असतो, आणि नेमक्या त्याच प्रश्नाचे उत्तर या चाचणीने दिले आहे. श्रीमंत देशांत हा प्रश्न विचारलाच गेला नसता. ज्याला पूर्ण मात्रा परवडते आणि ज्याच्या कॅन्सरमध्ये तिचा लाभ सिद्ध झाला आहे, त्याला मी पूर्ण मात्राच देतो.

दीपमाळ

आतापर्यंतची चर्चा ब्रेक सोडणाऱ्या औषधांभोवती फिरली. कार-टी या दुसऱ्या पद्धतीचा उल्लेख केल्याशिवाय धागा अपुरा राहील, विशेषतः तिचे पहिले भारतीय रूप मुंबईतच घडले असल्यामुळे. ज्या गाठीत टी पेशींना ओळखण्यासारखे काही सापडत नाही तिथे काय करायचे, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात आणि त्यामुळे त्या पेशींवर एक कृत्रिम रिसेप्टर उगवतो. सध्याच्या बहुतेक उपचारांत हा रिसेप्टर बी पेशींवरील (अँटिबॉडी तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरील) सीडी१९ हा रेणू ओळखतो. प्रयोगशाळेत अशा पेशींची संख्या वाढवून, रुग्णाला थोडी केमोथेरपी देऊन जागा मोकळी केल्यावर, त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडतात. त्या तिथे वाढतात आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षे टिकतात.

२०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला हा उपचार मिळाला, तेव्हा तिच्या शरीरात सायटोकाइन या, प्रतिकारपेशी एकमेकींना चेतवण्यासाठी सोडतात त्या, द्रव्यांचा असा उद्रेक झाला की ती कृत्रिम श्वासावर गेली. रक्तात त्यांपैकी इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढल्याचे आढळले. उपचाराचे जनक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवाताचा आजार होता आणि इंटरल्युकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध त्यांना त्यामुळे ठाऊक होते. ते दिल्यावर एमिली झपाट्याने सावरली, आणि तिचा ल्युकेमियाही गेला. आज कार-टी देणारी केंद्रे सहसा टोसिलिझुमॅब हाताशी ठेवूनच हा उपचार देतात.

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. पवईच्या आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. इम्युनोअ‍ॅक्ट ही त्यांचीच कंपनी तो तयार करते. खर्च अमेरिकेच्या तुलनेत खूप कमी असला तरी काही दशलक्ष रुपयांच्या घरात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तो बी पेशींच्या काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कॅन्सर) आणि ल्युकेमियांसाठी, तेही इतर उपचार थकल्यावर आहे. स्तन, फुप्फुस किंवा तोंडाच्या गाठींवर कार-टीला अद्याप असे यश आलेले नाही, कारण त्या गाठींवरील जवळजवळ प्रत्येक रेणू कोणत्या ना कोणत्या निरोगी अवयवावरही असतो. बी पेशी सगळ्या नष्ट झाल्या तरी बाहेरून अँटिबॉडी देऊन माणूस जगवता येतो; फुप्फुसाच्या पेशींबाबत तसे करता येत नाही.

शिरीष_पुष्प

माझ्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे आणि आता त्वचेचा कॅन्सर निघाला आहे. त्याला पीडी-१ चे औषध चालू शकेल का?

डॉ_पिंपळपान

शिरीष, यात मोठी जोखीम आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी भाऊ जी औषधे घेतात ती टी पेशींना दाबून ठेवतात आणि हे औषध नेमके उलट करते, त्यामुळे मूत्रपिंड गमावण्याची खरी शक्यता असते. हा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, डायलिसिसवर परत जावे लागल्यास भावाची तयारी आहे का हे त्यांनाच विचारून घ्यायचा असतो. आधी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांनी काय साधते ते पाहावे.

विहीरकाठ

वाचनमात्र सभासद आहे, आज प्रथमच लिहितो. मला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आठवड्यातून एकदा नळीवाटे बीसीजी सोडतात. लहानपणी दंडावर टोचतात तीच लस कॅन्सरवर कशी चालते, हे मला आजवर उमगले नव्हते. हीसुद्धा इम्युनोथेरपीच म्हणायची का?

रानजाई

काका, अवश्य, आणि वापरात असलेल्या इम्युनोथेरपींपैकी ती सर्वांत जुन्यांत मोडते. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीसीजीमधील दुर्बळ केलेले जिवाणू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यावर तुटून पडण्यासाठी प्रतिकारपेशी तिथे गोळा होतात आणि अस्तरातील कॅन्सरपेशीही त्या माऱ्यात सापडतात. गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसेल तेव्हाच ती देतात. याचे मूळ आणखी मागे जाते: १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचायला सुरुवात केली होती, कारण त्वचेचा तीव्र संसर्ग होऊन गेल्यावर एकाची गाठ नाहीशी झाल्याची नोंद त्यांना जुन्या कागदपत्रांत सापडली होती. त्यांचे निकाल अनिश्चित राहिले आणि रेडिएशन आल्यावर ती पद्धत मागे पडली. आपल्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे मूत्राशयासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. डोस घेतल्यानंतर लघवीला जळजळ आणि हलका ताप अपेक्षित असतो. ताप चढत गेला किंवा टिकून राहिला तर मात्र लगेच कळवावे, कारण क्वचित ते जिवाणू शरीरात पसरू शकतात आणि तेव्हा क्षयावरील औषधे द्यावी लागतात.

सागरतीर

एक शेवटचा प्रश्न. उपचार लागू पडला तर तो आयुष्यभर घ्यावा लागतो का? अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून विचारतो.

डॉ_पिंपळपान

कार्टर यांना २०१५ मध्ये मेलॅनोमा यकृत आणि मेंदूत पसरल्याचे कळले होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि मेंदूवर रेडिएशनही झाले होते, हे सांगायचे राहून जाते. पेम्ब्रोलिझुमॅब त्यांच्या जोडीला होते. काही महिन्यांनी तपासण्या स्वच्छ आल्यावर औषध थांबवले आणि ते डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी निवर्तले. टी पेशींना स्मृती असते, त्यामुळे औषध थांबल्यावरही परिणाम टिकू शकतो. प्रगत मेलॅनोमाच्या रुग्णांना निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या मोठ्या चाचणीत १० वर्षांनंतर ४३ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वी या आजारात बहुतेक जण वर्षभरही काढत नसत. तोच आकडा असेही सांगतो की निम्म्याहून अधिक जण त्या काळात दगावले. अनेक कॅन्सरांच्या चाचण्यांत पेम्ब्रोलिझुमॅब जास्तीत जास्त दोन वर्षे देण्यात आले होते, म्हणून पसरलेला आजार आटोक्यात असेल तर मीही सामान्यतः दोन वर्षांनी थांबतो आणि पुढे ठरावीक अंतराने स्कॅन करत राहतो. आजार परत उचल खाऊ लागला तर काहींना तेच औषध पुन्हा सुरू करता येते आणि ते पुन्हा लागूही पडते.